बहात्तर नंबर

वायर पाच पिनांची.
एक टोक कीबोर्डच्या पाठीत, 'आउट' लिहिलंय तिथे,
दुसरं डब्यात, 'इन'मध्ये.
पहिल्या दिवशी मी आउटला आउट जोडून
दोन तास घाम गाळत बसलो होतो.
दोन्हीकडून बोलणारेच, ऐकणारं कोणी नाही:
आमच्या बँडच्या हिशेबाच्या बैठकीसारखं.

डबा म्हणजे साउंड मॉड्यूल,
जळगावच्या एका ऑर्केस्ट्राने मोडीत काढलेलं.
ना पट्ट्या, ना भाता. एक गोल बटण, एक हिरवी खिडकी,
आणि पोटात एकशे अठ्ठावीस वाद्यं, सगळी गप्प.

मी लोटन मास्तरांना सांगितलं,
या वायरीतून सूर जात नाही.
निरोप जातो फक्त:
कुठली पट्टी, किती जोरात, बोट कधी उचललं.
पुढचं डब्याने समजून घ्यायचं.
"म्हणजे सोयरीक जमवतात तसं," मास्तर म्हणाले,
आणि तंबाखू मळत राहिले.

कीबोर्डचा स्वतःचा आवाज बंद केला.
आता पट्ट्यांची नुसती टकटक.
मी बोलत होतो एक नंबरच्या चॅनलवर,
वाजत होता दहावा. दहावर सगळे ढोल.
कानबाईचं गाणं असं बाहेर आलं
की मांडणीवरून कोणी भांडी ढकलली.
मास्तर हसले. तेव्हा दिसल्या
नुसत्या हिरड्या.

चाळीस वर्षं त्या वरच्या दातांखाली क्लॅरिनेट होती.
पारोळा, एरंडोल, चोपडा, कुठली वरात सोडली नाही.
मागच्या चैत्रात दात गेले.
कवळी लावून फुंकून बघितली, कवळीच निघून आली पट्टीसकट.
तेव्हापासून ते पेटीत झोपलेलं काळं लाकूड
आणि ओट्यावर बसलेले मास्तर.

क्लॅरिनेट बहात्तर नंबरला, असं डब्याच्या कागदावर.
बहात्तर दाबलं तर पिकोलो किंचाळली.
रात्री अकराला कळलं:
डबा एकपासून मोजतो, कीबोर्ड शून्यापासून.
इकडून एकाहत्तर सांगायचं, तिकडे बहात्तर ऐकू जातं.
दाबलं.
मास्तरांचे मळणारे हात थांबले.

"सूर चांगला शे," जरा वेळाने म्हणाले,
"पन श्वास लेत नही."

मी पायाचं पेडल काढलं, आवाज चढवा-उतरवायचं.
ते माझ्या पायाशी नाही ठेवलं.

सोमवारी सकाळी अमळनेरात कानबाई निघाली बोरीकडे.
टेम्पोवर जनरेटर, डबा खताच्या गोणीत गुंडाळलेला,
बोटं माझी,
आणि पेडलवर मास्तरांचा अनवाणी पाय.
जिथे ते दम घेत, तिथे टाच उठायची.
बायका फुगड्या घालत होत्या.
कोणीतरी खालून ओरडलं, "मास्तर, दात उनात का?"

पोस्टासमोरच्या गतिरोधकावर टेम्पो आदळला
आणि वायर सुटली.
मी बोट उचललं, पण उचलल्याचा निरोप पोचलाच नाही.
वरचा सा तसाच.
मास्तरांनी पाय काढला. सा तसाच.
डब्याला कोण सांगणार?
बायका त्या एकाच सुरावर गरगरत राहिल्या,
पदर, हिरव्या बांगड्या, धूळ,
आणि डोक्यावर हलणारा देवीचा नारळ.

मास्तर माझ्या कानाशी वाकले:
"इतला दम कोना शे रे?"

स्विच हाताशी होता.
मी लगेच दाबला नाही.